शाँतक्लेर कोंबडीचे जनक ब्रदर विल्फ्रिड शातलें : कडाक्याच्या थंडीत टिकणारी परसातली कोंबडी कशी घडली

पशुपालक मित्रांनो, तुमच्या परसात ऱ्होड आयलंड रेड असेल, गिरिराज असेल किंवा साध्या गावठी कोंबड्या असतील. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा आठ-दहा अंशांवर आला की तुम्ही खुराड्याला गोणपाट बांधता. अंडी कमी झाली की दोष थंडीला देता. आता अशा ठिकाणाचा विचार करा जिथे हिवाळ्यात पारा उणे २५ अंशांखालीही जातो, भांड्यातले पाणी गोठून दगड होते आणि घरट्यातले अंडे वेळेवर उचलले नाही तर गोठून तडकते. अशा ठिकाणीही लोक परसात कोंबड्या पाळतात आणि हिवाळ्यात अंडी मिळवतात.

हे ज्या कोंबडीमुळे सोपे झाले तिचे नाव शाँतक्लेर. ती घडवणारे ब्रदर विल्फ्रिड शातलें हे कॅनडातील क्युबेक प्रांतातल्या एका मठात राहणारे साधू होते. ब्रदर म्हणजे बंधू. ख्रिस्ती मठवासीयांना असे संबोधतात. त्यांचे काम समजून घेतले तर कोंबडी थंडी कशी सोसते हे तुम्हाला कळेलच, शिवाय आपल्या गावच्या हवेला साजेशा कोंबड्या कशा निवडाव्यात हेही कळेल.

ओकाचा मठ आणि तिथला हिवाळा

माँट्रियल शहराच्या पश्चिमेला, मोठ्या सरोवराच्या काठी ओका नावाचे गाव आहे. १८८१ साली फ्रान्समधून आलेल्या ट्रॅपिस्ट पंथाच्या साधूंनी तिथे मठ उभारला. हा पंथ मौन, प्रार्थना आणि अंगमेहनत पाळणारा. मठाचा खर्च दानावर न चालवता स्वतःच्या कष्टावर चालवायचा, हा त्यांचा नियम. त्यामुळे ओकाच्या साधूंनी शेती केली, सफरचंदाच्या बागा लावल्या, गाई पाळल्या आणि चीज बनवले. ओकाचे चीज आजही कॅनडात प्रसिद्ध आहे. परिसरातल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मठाने शेतकी शाळाही चालवली.

या शाळेचा कोंबड्यांचा विभाग ब्रदर विल्फ्रिड सांभाळत. गंमत अशी की या पंथात मांसाहार वर्ज्य होता. म्हणजे ज्या माणसाने पुढे मांस आणि अंडी अशी दोन्ही देणारी कोंबडी तयार केली, त्याच्या ताटात तिचे मांस येत नव्हते. त्यांची सगळी खटपट आसपासच्या शेतकऱ्यासाठी होती.

त्या शेतकऱ्याची अडचण काय होती ते पाहा. ओकाचा हिवाळा नोव्हेंबर ते मार्च असा लांबलचक. जानेवारीचे सरासरी तापमान उणे १० अंशांच्या आसपास असते. डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा. प्रत्येक घरी दहा-वीस कोंबड्या असत, पण थंडी पडली की अंडी बंद व्हायची. नेमकी तेव्हाच बाजारात अंडी महाग असत आणि घरातल्या मुलांनाही त्यांची गरज असे. वसंत ऋतूत मात्र सगळ्यांकडे एकदम अंडी येत आणि भाव पडत.

वडिलांच्या बोलण्यातून निघालेले काम

असे सांगतात की १९०७ साली ब्रदर विल्फ्रिड यांचे वडील मठात आले होते. मुलाने त्यांना कोंबड्यांची घरे फिरून दाखवली. तिथे लेगहॉर्न होती, वायनडॉट होती, ऱ्होड आयलंड रेड होती, प्लायमाउथ रॉक होती. वडिलांच्या लक्षात आले की यातली एकही जात कॅनडाची नाही. एक इटलीकडची, बाकीच्या अमेरिकेच्या. गोष्ट साधी होती, पण ती मुलाच्या मनात घर करून राहिली.

यात देशाभिमान होता, तसा व्यवहारही होता. लेगहॉर्न अंड्यांना उत्तम, पण तिचा उंच तुरा पहिल्या कडक थंडीतच काळा पडायचा. इतर जातींतही कुणाचा तुरा मोठा, तर कुणाची हिवाळी अंडी कमी. परक्या हवेत घडलेल्या कोंबडीला सांभाळून सांभाळून वाढवण्यापेक्षा इथल्याच हवेची कोंबडी घडवली तर? ब्रदर विल्फ्रिड यांनी १९०८ मध्ये कामाला सुरुवात केली.

कोंबडी थंडी कशी सोसते?

त्यांनी काय साधले हे कळायला आधी कोंबडीचे शरीर पाहू.

- पिसे: कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. थंडीत ती पिसे फुलवते. पिसांखालच्या मऊ लवेत हवा अडकते आणि तीच तिची गोधडी होते. पिसे ओली झाली किंवा वाऱ्याने विस्कटली की ही गोधडी निकामी होते.
- पाय: पायांवर पिसे नसतात, तरी ते सहसा गोठत नाहीत. पायाकडे जाणाऱ्या गरम रक्ताच्या शिरा आणि परत येणाऱ्या थंड रक्ताच्या शिरा एकमेकींना लागून असतात. जाणारे रक्त आपली उष्णता परतणाऱ्या रक्ताला देते. त्यामुळे पाय थंड राहतात, पण शरीराची ऊब वाया जात नाही.
- दाटीवाटी: रात्री कोंबड्या दांडीवर एकमेकींना चिकटून बसतात आणि पोटाच्या पिसांनी पाय झाकतात. काही जणी चोच पंखात खुपसतात.
- खाद्य: पचनातून ऊब तयार होते. म्हणून थंडीत कोंबडी जास्त खाते. तेवढे खाद्य मिळाले नाही तर ती अंड्यांवरचा खर्च आधी थांबवते.
- तुरा आणि कल्ले: इथे मात्र शरीर उघडे पडते. डोक्यावरचा तुरा आणि चोचीखाली लोंबणारे कल्ले यांत भरपूर रक्त असते, पण त्यांवर पिसे नसतात. उन्हाळ्यात उष्णता बाहेर टाकायला ते उपयोगी पडतात, पण कडक थंडीत तेच आधी गोठतात. याला हिमदंश म्हणतात. तुऱ्याची टोके आधी फिकट पडतात, मग काळी होऊन झडतात. पाणी पिताना कल्ले भिजले तर तेही गोठतात.

हिमदंश झालेल्या कोंबडीला वेदना होतात, ती नीट खात नाही. कोंबड्याचा तुरा गोठला तर काही काळ त्याची प्रजननक्षमताही घटते. तेव्हा चांगली पिसे असलेली धट्टीकट्टी कोंबडीदेखील केवळ तुऱ्यापायी मार खाते. ब्रदर विल्फ्रिड यांनी नेमके हेच हेरले.

पाच जातींचा संकर

त्यांनी आपले उद्दिष्ट ठरवून घेतले. कोंबडी काटक हवी, हिवाळ्यात अंडी देणारी हवी, मांसालाही भरलेली हवी आणि तिचा तुरा व कल्ले नावापुरतेच असावेत. त्यासाठी पाच जाती निवडल्या. प्रत्येकीत काय होते ते पाहा:

- डार्क कॉर्निश (नर): रुंद छाती, अंगालगत बसणारी घट्ट पिसे आणि ठेंगणा तुरा. या तुऱ्याला वाटाणा तुरा म्हणतात.
- पांढरी लेगहॉर्न (मादी): भरपूर अंडी. मात्र अंगाने हलकी आणि तुरा मोठा, एकेरी.
- ऱ्होड आयलंड रेड (नर): काटक, अंडी आणि मांस दोन्हीला चांगली, तपकिरी अंडी.
- पांढरी वायनडॉट (मादी): दाट पिसे आणि डोक्याला चिकटून बसणारा गुलाब तुरा.
- पांढरी प्लायमाउथ रॉक (नर): भारदस्त अंग, शांत स्वभाव, तपकिरी अंडी.

आधी कॉर्निश नर आणि लेगहॉर्न मादी यांचा संकर केला. दुसरीकडे ऱ्होड आयलंड रेड नर आणि वायनडॉट मादी यांचा केला. मग या दोन्ही संकरांच्या पिल्लांचा आपसात मेळ घातला. त्यातून निवडलेल्या तलंगांना शेवटी प्लायमाउथ रॉक नर दिला. पुढचे सगळे काम निवडीचे होते.

आता तुऱ्याचे गणित समजून घ्या. वाटाणा तुरा आणि गुलाब तुरा हे दोन्ही गुण एकेरी तुऱ्यावर मात करणारे आहेत. त्यामुळे पिल्लांमध्ये ठेंगणे तुरे लवकर दिसू लागतात. पण एकेरी तुऱ्याचा गुण नाहीसा झालेला नसतो, तो आत दडून राहतो. ठेंगण्या तुऱ्याच्या आई-बापाला दोन-चार पिढ्यांनी अचानक उंच तुऱ्याचे पिल्लू होते. अशा वेळी पिल्लू बाजूला काढून चालत नाही, त्याच्या आई-बापालाही पैदाशीतून कमी करावे लागते. आणि नुसता तुरा पाहून भागत नाही. तुरा मनासारखा, पण अंडी कमी, असा पक्षीही बाद करावा लागतो. एका गुणासाठी निवड करणे सोपे असते. पाच गुण एकाच पक्ष्यात आणून ते पिढ्यान्पिढ्या टिकवणे याला वर्षे लागतात.

ती वर्षे ब्रदर विल्फ्रिड यांनी दिली. सुमारे दहा वर्षांनी, १९१८ मध्ये, त्यांनी आपली कोंबडी लोकांसमोर आणली. पांढरीशुभ्र, दाट पिसांची, नर सुमारे ४ किलोचा आणि मादी सुमारे ३ किलोची. डोक्यावर छोट्या उशीसारखा चपटा तुरा, कल्ले जेमतेम दिसतील एवढेच. अंडी तपकिरी. नाव ठेवले शाँतक्लेर. फ्रेंच भाषेत त्यात गाणे आणि स्वच्छ असे दोन शब्द आहेत, म्हणजे खणखणीत आरवणारा. जुन्या फ्रेंच लोककथांतल्या कोंबड्याचेही हेच नाव. १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने शाँतक्लेरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. कॅनडात घडलेली कोंबडीची ही पहिली जात.

पुढे कॅनडाच्या पश्चिमेकडील अल्बर्टा प्रांतात डॉ. जे. ई. विल्किन्सन यांनी तपकिरी रंगाची, पिसांवर नक्षी असलेली अशीच ठेंगण्या तुऱ्याची कोंबडी वेगळ्या संकरातून तयार केली. १९३५ मध्ये तिचीही शाँतक्लेरचा एक प्रकार म्हणून नोंद झाली.

जात संपली असे वाटले तेव्हा

दुसऱ्या महायुद्धानंतर कोंबडीपालनाचे रूप पालटले. बंदिस्त, विजेच्या दिव्यांची मोठी शेड आली. अंड्यांसाठी एक संकर आणि मांसासाठी दुसरा, अशी वाटणी झाली. शेडमध्ये हिवाळा जाणवेनासा झाला, तेव्हा हिवाळा सोसणाऱ्या कोंबडीला कोण विचारतो? एकेका गावातून शाँतक्लेर दिसेनाशी झाली. ओकाची शेतकी शाळाही पुढे बंद पडली. १९७९ साली सस्कॅचेवान विद्यापीठातला शेवटचा शाँतक्लेर कोंबडा मेला, तेव्हा ही जात नामशेष झाली असे मानले गेले.

पण ती संपली नव्हती. काही छोट्या शेतकऱ्यांनी आपल्या परसात ती टिकवून ठेवली होती. त्यांना जातीच्या संवर्धनाशी देणेघेणे नव्हते. हिवाळ्यात अंडी मिळतात, तुरे गोठत नाहीत, एवढ्यासाठीच त्यांनी ती ठेवली होती. त्या विखुरलेल्या कळपांतून जात पुन्हा वाढवली गेली. १९९९ मध्ये क्युबेकने कायदा करून कॅनडियन घोडा आणि कॅनडियन गाय यांच्यासोबत शाँतक्लेर कोंबडीला प्रांताचा शेतीवारसा म्हणून मान दिला. ओकाचे साधू २००९ मध्ये तो जुना मठ सोडून दुसरीकडे राहायला गेले. त्यांच्या एका बंधूने घडवलेली कोंबडी मात्र परसांतून नांदते आहे.

जातीबरोबर खुराडेही महत्त्वाचे

तुरा छोटा असला म्हणजे काम संपले असे नाही. अतिथंड प्रदेशातले अनुभवी पालक खुराड्यात पुढील गोष्टी पाळतात:

१. ओलावा बाहेर काढा. कोंबडीच्या विष्ठेत सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. श्वासातूनही वाफ येते. खुराडे गच्च बंद केले तर ही वाफ छताला आणि तुऱ्यांना लागून गोठते. कोरड्या थंडीपेक्षा दमट थंडीत हिमदंश लवकर होतो. म्हणून कोंबड्यांच्या डोक्याच्या बरेच वर, छताजवळ झरोके बाराही महिने उघडे ठेवतात.

२. वाऱ्याचा झोत अडवा. हवा वर खेळली पाहिजे, पण बसलेल्या कोंबडीच्या अंगावर झोत येता कामा नये.

३. बसायला रुंद फळी द्या. गोल बारीक दांडीवर बोटे उघडी राहतात. सुमारे १० सेंटिमीटर रुंद सपाट फळीवर कोंबडी पायांवर बसते आणि बोटे पिसांत झाकली जातात.

४. जाड गादी ठेवा. लाकडाचा भुसा किंवा पेंढा यांचा १५ ते २० सेंटिमीटर थर कोरडा ठेवून हलवत राहिल्यास खालून मंद ऊबही मिळते.

५. संध्याकाळी मका द्या. नेहमीच्या समतोल खाद्याखेरीज झोपण्यापूर्वी थोडा मका दिला की रात्रभर पचनाची ऊब मिळते.

६. पाणी दिवसातून अनेकदा बदला. भांड्याचे तोंड अरुंद असावे, म्हणजे कल्ले भिजत नाहीत.

७. उजेडाचा विचार करा. हिवाळ्यात अंडी घटण्याचे मोठे कारण थंडीपेक्षा लहान दिवस हे असते. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो.

८. उष्णतेचे दिवे टाळा. सुक्या भुशात दिवा पडून खुराडी जळाल्याच्या घटना थंड देशांत दर हिवाळ्यात घडतात. निरोगी मोठ्या कोंबडीला दिव्याची गरज नसते.

आपण यातून काय घ्यायचे?

मित्रांनो, शाँतक्लेरशी आपले एक जुने नाते आहे. तिच्या संकरात वापरलेली कॉर्निश जात इंग्लंडमध्ये भारतातून नेलेल्या असील कोंबड्यांच्या रक्तातून तयार झाली. असीलचा तुराही वाटाणा तुराच. उणे २५ अंशांत न गोठणाऱ्या त्या तुऱ्यामागे आपल्याकडच्या झुंजार कोंबड्याचाही वाटा आहे.

म्हणून शाँतक्लेर मागवायच्या मागे लागू नका. दाट पिसे आणि नावापुरता तुरा विदर्भातल्या मे महिन्यात तिच्या जिवावर येईल. आपल्या उन्हाळ्यात उष्णता बाहेर टाकणारा मोठा तुरा हा दोष नसून सोय आहे. ओकाला जी कोंबडी वरदान ठरली, ती अकोल्यात ओझे ठरेल. ब्रदर विल्फ्रिड यांची जात घेण्यापेक्षा त्यांची पद्धत घ्या:

- ज्या कोंबड्या तुमच्या हिवाळ्यात अंडी देतात आणि तुमचा उन्हाळा सोसतात, त्यांच्या पायात रंगीत कडी घाला. उबवायला त्यांचीच अंडी ठेवा.
- सर्वांत देखण्या कोंबड्यापेक्षा चांगली अंडी देणाऱ्या आईचा नर पैदाशीसाठी राखा. एक-दोन वर्षांनी दुसऱ्या गावचा नर आणा, म्हणजे जवळच्या नात्यात पैदास होणार नाही.
- थंडीत गोणपाट खालच्या बाजूने बांधा, वरची साधारण एक फूट जागा मोकळी सोडा. सकाळी खुराड्यात डोकावताना नाकाला अमोनियाचा उग्र वास आला, तर वारा अडकला आहे असे समजा.
- आपल्याकडे थंडीचा खरा धोका पिल्लांना असतो. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश ऊब द्या आणि दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करा. पिल्ले दिव्याखाली गर्दी करत असतील तर ऊब कमी आहे, लांब पळत असतील तर जास्त आहे.

यंदाच्या थंडीत अंडी किती कमी झाली एवढेच मोजू नका. कोणत्या कोंबडीने थंडीतही अंडे दिले ते लिहून ठेवा. ओकाच्या कामाची सुरुवात अशाच निवडीने झाली होती आणि त्यासाठी वही-पेन्सिलीपलीकडे काही विकत आणावे लागत नाही.